एकशे सेहेचाळीस भोवरे आणि एक गुडघा

९ जानेवारी

निरोपसमारंभात छापखान्याने मला ही डायरी दिली. छत्तीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता कोऱ्या पानांवर स्वतःच्या कर, असं सुचवायचं असावं. पहिल्या पानावर 'शुभेच्छांसह' ऐवजी 'शुभेच्छासंह' छापलंय. म्हणजे मी अजून खुर्चीतून उठलोही नव्हतो, तेवढ्यात. पुढे त्या छापखान्याचं काय होणार ते दिसतंच आहे.

ही आज सकाळी ताईकडे गेली. ताई म्हणजे हिची थोरली बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटीच राहते, बसने पाऊण तास. मी फिरायला गेलो होतो, आलो तर फ्रिजवर चिठ्ठी: 'ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मी तिकडे जाते. किती दिवस लागतील माहित नाही. गॅस बंद करत जा.' चार वाक्यांत एकच चूक. जन्मभर नर्सचं काम केलेल्या बाईच्या मानाने उत्तमच. 'माहीत' मधला 'ही' दीर्घ हवा. लाल पेन्सिलीने दुरुस्त करून चिठ्ठी पुन्हा होती तिथे लावली, आल्यावर नजरेस पडेल.

निवृत्तीनंतरच्या या आठ-नऊ दिवसांत मी घरात बरीच सुधारणा केली. डब्यांवरच्या चिठ्ठ्या शुद्ध करून लावल्या. कपडे वाळत घालण्याचा क्रम ठरवून दिला. ही मैत्रिणीशी फोनवर बोलताना 'मी तिला बोलली' असं म्हणाली, ते फोन चालू असतानाच लक्षात आणून दिलं. एवढं करूनही काल म्हणाली, "अहो, काहीतरी छंद लावून घ्या. माझ्या मागे मागे फिरू नका."

मी मागे फिरत नव्हतो. देखरेख करत होतो.

१५ जानेवारी

जेवणाच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. हिने तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. म्हटलं, आता वेळ आहे तर करून टाकू. बाजारामागच्या गल्लीत एक कातारी आहे, लेथवर लाकूड कातून लाटणी, पाय, मुठी करतो. एका कानाने बहिरा, त्यामुळे लेथ बंद असली तरी ओरडूनच बोलतो.

त्याच्या फळीवर टोपलीत भोवरे होते. लाखेचे रंग, लाल-पिवळे पट्टे, खाली लोखंडाची आर. एक उचलून पाहिला. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. सवयच ती. चूक सापडेना. पट्टा कुठे जाड-बारीक नाही, आर अगदी मधोमध. छत्तीस वर्षांत एकही पान बिनचूक हातात आलं नाही, आणि हा बहिरा माणूस टोपलीभर बिनचूक गोष्टी उघड्यावर ठेवून बसलाय.

एक घेतला. खुर्चीच्या पायाचं सांगायचं राहिलं.

२१ जानेवारी

नऊ झाले. दोन काताऱ्याचे, सहा जुन्या बाजारातले, एक पत्र्याचा, ज्याचा दांडा दाबला की तो गुणगुणतो. म्हणजे गुणगुणत असावा, दांडा गंजलाय. नोंदवही घातली: क्रमांक, लाकूड, उंची, घेर, रंग, शेरा.

हिचा फोन आला होता. गुडघा ठीक आहे म्हणाली. 'ठीक' हा शब्द वैद्यकीय नाही, हे नर्सला मी काय सांगणार.

२ फेब्रुवारी

एक्केचाळीस. आता यात शास्त्र दिसायला लागलं आहे. दोरीने फेकायचा भोवरा, चिमटीने फिरवायची भिंगरी, चाबकाने मारत फिरता ठेवायचा लांबट भोवरा, बीमध्ये काडी खोचून केलेला, आणि एक बुटका, जो फिरता फिरता उलटा होऊन डोक्यावर उभा राहतो म्हणे. माणसातही ही जात आहे. आमचा शेवटचा व्यवस्थापक तसाच होता.

आज हिला हे सगळं फोनवर सविस्तर सांगितलं. वीस मिनिटं. ती मध्ये मध्ये "हं" म्हणत होती, म्हणजे रस होता. शेवटी म्हणाली, "माझं काही विचारणार नाही का?"

मी म्हटलं, "तुझं काय विचारायचं? गुडघा तर ताईचा आहे."

फोन कटला. त्या भागात रेंजची बोंब आहे.

६ फेब्रुवारी

त्र्याहत्तर. दिवाणखान्यातलं कपाट भरलं. हिच्या कपाटाशिवाय इलाज नव्हता. साड्या ट्रंकेत घालून ट्रंक पलंगाखाली सरकवली. ट्रंकेला फार जागा लागली नाही, निम्म्या साड्या ती घेऊनच गेलेली दिसते. एका गुडघ्याला इतक्या साड्या कशाला लागतात? बायकांचं सामान आवरणं म्हणजे एक कोडंच.

हिच्या कपाटाला आतून आरसा आहे. भोवरे दुप्पट दिसतात.

११ फेब्रुवारी

चमत्कार. भाजी घेताना मंडईत ताई दिसली. दोन्ही हातांत पिशव्या, आणि पुलाचा जिना टकाटक चढत होती, एकेक नाही, दोन-दोन पायऱ्या. मी हाक मारेपर्यंत पलीकडे उतरलीसुद्धा. ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झालाय! असे पेशंट स्वतःची आणि दुसऱ्यांची फार आबाळ करतात. लोकांना दाखवायला पळायचं आणि घरी धाकट्या बहिणीकडून सेवा करून घ्यायची.

संध्याकाळी हिला म्हटलं, "ताईला सांभाळ, ती गुडघ्यावर जोर देते आहे." ही म्हणाली, "तुम्हाला खरंच एवढंच दिसलं?"

मी म्हटलं, "पिशवीत दुधी होता."

१९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती परगावी असते, आईचीच बाजू घेत असते.

"बाबा, आईशी बोलता का?"

"रोज."

"बोलता, की सांगता?"

याला आजची पिढी संवादकौशल्य म्हणते. दोन क्रियापदं समोर टाकायची आणि समोरच्याने फरक शोधत बसायचा. मी म्हटलं, माझ्याकडे एकशे अकरा भोवरे झाले. ती म्हणाली, "अभिनंदन," आणि 'अ' जरा जास्तच लांबवला.

काताऱ्याकडे गेलो होतो. त्याने नवा माल कातला होता. मी घेर मोजत होतो, तेवढ्यात तो ओरडला, "साहेब, एवढे नेता, फिरवता की नाही?"

मी म्हटलं, "मी संग्राहक आहे."

"काय?"

"मी जमवतो!"

"जमवून काय करता?"

"नोंद!"

त्याने हातातल्या भोवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "न फिरवलेला भोवरा म्हणजे लाकडाचा बटाटा, साहेब."

अशा माणसांमुळेच अभ्यासाची परंपरा रुजत नाही.

२३ फेब्रुवारी

वाचनालयाचे चिटणीस घरी आले. कुणाकडून तरी संग्रहाबद्दल ऐकलं होतं. कुणाकडून म्हणजे, मीच चार-पाच वेळा तिथल्या वर्तमानपत्रांच्या टेबलावर बोललो होतो. बावीस मार्चला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, माझं 'व्याख्यान व प्रात्यक्षिक'. कपाट उघडून दाखवलं तर म्हणाले, "वा! वा! अहो, सगळ्यांची बोटं नुसती शिवशिवतील!"

मी होकार दिला. 'प्रात्यक्षिक' हा शब्द त्यांनी सवयीने घातला असावा. त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात असतो. गेल्या महिन्यात 'मधुमेह: व्याख्यान व प्रात्यक्षिक' होतं.

२७ फेब्रुवारी

निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ पाहायला आलं. 'सुप्रसिद्ध संग्राहक व भोवऱ्यांचे जादुगार हातजाळीसह अनेक थरारक प्रकार सादर करतील.' हातजाळी म्हणजे भोवरा हवेत सोडायचा, दोरीने मागे खेचायचा आणि तो जमिनीला न लागता फिरता फिरता तळहातावर घ्यायचा. मी वाचलंय त्याबद्दल.

खरी गोष्ट इथे लिहायला हरकत नाही, ही डायरी दुसरं कुणी तपासणार नाही. मला भोवरा फिरवता येत नाही. हातजाळी दूरच, साधा जमिनीवरसुद्धा नाही. लहानपणी एकदा प्रयत्न केला होता, बाकीचे हसले. नंतर मी नियम समजावून सांगायचं काम घेतलं.

प्रुफात चूक होती. 'जादूगार' मधला दू दीर्घ हवा. तेवढी दुरुस्त करून परत पाठवलं. बाकी मजकुराला हात लावला नाही. मजकूर बदलणं हे मुद्रितशोधकाचं काम नव्हे.

१ मार्च

सराव सुरू. त्यात काय, पुस्तकी भाग पक्का आहे: दोरी खालून वर गुंडाळायची, शेवट बोटाला, मनगटाने झटका.

पहिला भोवरा पलंगाखाली गेला. दुसरा दाराबाहेर जाऊन जिना उतरला, शेजाऱ्यांनी आणून दिला, काही विचारलं नाही, फार सभ्य माणूस. तिसरा हिच्या कपाटाच्या आरशात. आरसा गेला. चौथा, क्रमांक अठ्ठ्याऐंशी, चिंचेचं लाकूड, आर लांब, माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर. शेऱ्याच्या रकान्यात 'आर तीक्ष्ण' असं आधीच लिहिलेलं होतं. माझ्या नोंदी अचूक असतात.

अंगठा वांग्यासारखा सुजलाय, रंगही तोच.

३ मार्च

अंगठा बरा होईना. घरात एक नर्स असताना दवाखान्यात कशाला जायचं? नर्स घरात नाही हे खरं, पण बसने पाऊण तासावर आहे. लंगडत गेलो.

दार ताईने उघडलं. हातात फडकं. मागे स्टूल, स्टुलावर चढून ती पंखा पुसत होती. ही घरी नव्हती. मी बसलो. ताईने अंगठ्यावर बर्फ धरायला दिला. गॅलरीत कुंड्या दिसल्या, ओळीने चौदा, सगळ्या हिच्या आवडीच्या. एका गुडघ्यासाठी चौदा कुंड्या. आतल्या खोलीच्या खिडकीला नवे पडदे, हिच्या हातचे, ती टीप मी ओळखतो. भिंतीवर हिच्या अक्षरात वेळापत्रक: 'दवाखाना, ९ ते ५. सुट्टी गुरुवार, रविवार.'

"ही नोकरी करते?"

"जानेवारीपासून."

"मग तुमच्याकडे कोण बघतं? गुडघा कसा आहे?"

ताईने फडकं खाली ठेवलं. "भावोजी, माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. कधीच झालेलं नव्हतं."

"पण चिठ्ठीत तर..."

"तिने काय लिहायला हवं होतं? खरं लिहिलं असतं, तरी तुम्ही त्यातले ऱ्हस्व-दीर्घच काढत बसला असता."

मी म्हटलं, "म्हणजे ती येणारच नाही?"

"ते मला नका विचारू. तिला विचारा. आणि विचारल्यावर ऐका. ही दोन वेगवेगळी कामं आहेत."

मग तिने चहा केला. चांगला होता. ही घरी यायच्या आत मी निघालो. बसस्टॉपपर्यंत ताई सोडायला आली, माझ्यापेक्षा चार पावलं पुढे चालत.

त्या वेळापत्रकात एकही चूक नव्हती. मी दोनदा पाहिलं.

४ मार्च

आज विशेष काही नाही.

५ मार्च

आजही नाही. फ्रिजवरची चिठ्ठी वाचली. आजवर फक्त तपासली होती.

७ मार्च

चिटणीसांना कार्यक्रम रद्द करा सांगायला निघालो होतो. वाटेत त्यांनी लावलेला फलक दिसला, माझ्या फोटोसकट. फोटो ओळखपत्रावरचा, त्यात मी फरार वाटतो. 'जादूगार' मात्र शुद्ध.

वाचनालयाकडे न वळता काताऱ्याकडे वळलो. त्याच्या चांगल्या कानाजवळ जाऊन म्हटलं, "मला भोवरा फिरवता येत नाही."

"काय?"

"फिरवता येत नाही!" गल्लीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. हे मला एकदाच सांगायचं होतं.

कातारी हसला नाही. लेथ बंद केली, हात पुसले, म्हणाला, "अंगठ्याला काय झालं ते दिसतंयच. दोरी गुंडाळा."

मी गुंडाळली. त्याने सोडली. मी पुन्हा गुंडाळली. त्याने पुन्हा सोडली. अकरा वेळा. बाराव्या वेळी नुसता "हं" म्हणाला. मला वाटलं शाबासकी. पुढच्या वेळी पुन्हा सोडली. 'हं' चा अर्थ शाबासकी नसतो हे तेव्हा कळलं.

फेकायला दिलाच नाही. "उद्या या."

छत्तीस वर्षांत किती माणसांची पानं मी अशी लाल करून परत पाठवली असतील? त्यातल्या एकानेही मला भोवरा फेकून कसा मारला नाही?

१२ मार्च

रोज जातो. रोज सकाळी दोन तास. तो लाकूड कातता कातता तिरक्या नजरेने बघतो आणि ओरडतो.

"तुम्ही भोवरा सोडत नाही, साहेब, हाकलता!"

"वाकू नका! त्याला काय समजावून सांगताय?"

आज म्हणाला, "हातातून सुटला की आपलं काम संपलं. तरी तुमचा हात मागे मागे जातो, बघा." बघितलं. खरंच जातो. सुटलेल्या भोवऱ्याच्या मागे माझा हात देखरेखीला निघालेला असतो.

नोंदवहीत पाच दिवस काही लिहिलेलं नाही.

१६ मार्च

फिरला.

चार सेकंद. काताऱ्याच्या दुकानातल्या फरशीवर, भुश्शात. आधी डुलला, मग सरळ झाला, मग एका जागी असा उभा राहिला की फिरतोय हे कळेना, पट्ट्यांचा एकच रंग झाला. कातारी म्हणाला, "झोपला बघा! याला झोपला म्हणायचं!" एवढं म्हणेपर्यंत पडलासुद्धा.

घरी येताना पायऱ्या भराभर चढलो. कुलूप उघडलं. मग आठवलं, घरात सांगायला कुणी नाही. तरी एकदा मोठ्याने म्हटलं, "फिरला." माझा आवाज त्या खोलीत फारच शुद्ध वाटला.

१८ मार्च

संध्याकाळी हिला फोन केला. चार सेकंदांची बातमी तयार होती. जिभेच्या टोकावर होती. ती "हॅलो" म्हणाली आणि मी म्हटलं, "आजचा दिवस कसा गेला तुझा?"

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"छातीत दुखतंय का? डाव्या हाताला मुंग्या?"

"अगं, नाही. नुसतं विचारलं."

तिने आधी सावधपणे एक वाक्य सांगितलं. मी काही बोललो नाही, तेव्हा दुसरं. मग सुरूच झाली. दवाखान्यात एक पैलवान येतो, सुईला घाबरतो, इंजेक्शनच्या वेळी हिचा हात धरून बसतो आणि नंतर बाहेर जाऊन मिशांना पीळ देतो. डॉक्टरीण बाई तरुण आहे, अडलं की हिलाच विचारते. दुपारी सगळ्या मिळून डबे खातात. हिला तिथे सगळे 'सिस्टर' म्हणतात. मला आठवतंय, लग्नाआधीपासून म्हणायचे. मीच नोकरी सोडायला लावली, सहा वर्षांपूर्वी, माझ्या जेवणाच्या वेळा पाळता याव्यात म्हणून. हे तिने सांगितलं नाही. माझं मलाच आठवलं, आणि आठवल्यावर कुठे ठेवावं ते कळेना.

तेहतीस मिनिटं बोलली. त्यात व्याकरणाच्या तीन चुका. दोन सहज गिळल्या. तिसरी घशात अडकली, पाणी प्यावं लागलं.

शेवटी म्हटलं, "गुडघ्याचं मला कळलंय."

"ताईने सांगितलं मला." मग म्हणाली, "खोटं लिहायला नको होतं मी."

"खरं असतं तर मी वाचलं नसतं," मी म्हटलं. या वेळी फोन कटला नाही. रेंज उत्तम होती.

"रविवारी पाच वाजता वाचनालयात माझी फजिती आहे. वेळ असेल तर ये."

"बघते," म्हणाली.

२२ मार्च

सविस्तर लिहितो.

सभागृह भरलेलं. मधुमेहालासुद्धा एवढी गर्दी नव्हती, असं चिटणीस म्हणाले. भोवरे टेबलांवर मांडले होते, एकशे सेहेचाळीस, क्रमांकाच्या चिठ्ठ्यांसह. कातारी स्वच्छ सदरा घालून पुढे बसला होता, चांगला कान माझ्याकडे करून. चिटणीसांनी माझी ओळख करून दिली. त्या ओळखीतला माणूस मला आवडला, भेटायला हवा कधीतरी.

शेवटच्या रांगेत ताई दिसली. तिच्या शेजारी ही. निळी साडी. ट्रंकेत नसलेल्यांपैकी.

मी तीन पानांचं भाषण लिहून नेलं होतं, बिनचूक. ते घडी करून खिशात ठेवलं.

"पत्रिकेवर मला जादूगार म्हटलंय," मी म्हणालो. "प्रूफ मीच तपासलं होतं. शुद्धलेखन तपासलं, खरं-खोटं नाही. माझ्याकडे एकशे सेहेचाळीस भोवरे आहेत. त्यातला एक मला फिरवता येतो. पाच-सहा सेकंद. तोही कधी कधी. हातजाळी मी फक्त वाचलेली आहे."

सभागृहात कुणीतरी खोकलं. चिटणीसांचा चेहरा खडूसारखा. पहिल्या रांगेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "असू दे हो. जेवढं येतं तेवढं दाखवा."

पहिला भोवरा खुर्च्यांखाली गेला. लोकांनी पाय वर घेतले. दुसरा चिटणीसांच्या पाण्याच्या ग्लासावर. आता लोक हसत होते. मोठ्याने. पन्नासेक वर्षांपूर्वी असंच हसले होते आणि मी नियम समजावायला जाऊन उभा राहिलो होतो. आज समजावण्यासारखं काही नव्हतं. पुन्हा दोरी गुंडाळली. दोरी सुटली. पुन्हा गुंडाळली. पुढून काताऱ्याचा आवाज आला, त्याला वाटलं हळू बोलतोय, "साहेब, हाकलू नका!" सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. आणि हसता हसताच सोडला.

फिरला. डुलला, सरळ झाला, झोपला. नऊ सेकंद, चिटणीसांनी मोजले. टाळ्या पडल्या. भोवऱ्याला असाव्यात.

मग मी म्हटलं, या सगळे पुढे, हात लावा, फिरवा. लोक टेबलांवर तुटून पडले. क्रमांकाच्या चिठ्ठ्या उडाल्या. बावन्नची चिठ्ठी एकशे दोनला लागली. पत्र्याच्या भोवऱ्याचा गंजलेला दांडा मुख्याध्यापिकांनी तेल मागवून सोडवला आणि तो गुणगुणायला लागला. काताऱ्याने हातजाळी करून दाखवली, एकदा नाही, चौदा वेळा, प्रत्येक वेळी "काय?" म्हणत, कारण लोक वन्स मोअर म्हणत होते आणि त्याला ऐकू येत नव्हतं. मी कोपऱ्यात उभा होतो. कुणी मला काही विचारत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं.

ही दाराशी भेटली. "अंगठा दाखवा."

"इथे?"

"चप्पल काढा."

तिने वाकून पाहिला, दाबून पाहिला. "नख जाणार. नवीन येईल."

"तू परत कधी येणार?"

"ते मला अजून ठरवता येत नाहीये. नोकरी सोडणार नाही, एवढं ठरलंय."

"सोडू नकोस."

"तुम्ही सांगताय म्हणून नाही सोडत असं नाही हं."

"नाही, नाही. मी नुसतं..." पुढचा शब्द सापडला नाही. मला!

"गुरुवारी सुट्टी असते," ती म्हणाली. "चहाला येईन. पण चहा तुम्ही करायचा."

ताई म्हणाली, "भावोजी, नऊ सेकंद वाईट नाहीत." तिच्याकडून हे म्हणजे मानपत्रच.

२५ मार्च

हिच्या कपाटातून सगळे भोवरे काढले. बहुतेक वाचनालयाला देऊन टाकले, तिथे लोक रोज फिरवायला मागतात. दोन तर मुख्याध्यापिकांनी आधीच फोडलेत. सात ठेवले. साड्या ट्रंकेतून काढून पुन्हा रचल्या. घडी घालणं भोवऱ्यापेक्षा अवघड आहे. चौथ्या साडीनंतर तिची सहा वारांची एकेक घडी ती इतकी वर्षं कशी घालत होती, याचं कुतूहल वाटलं. आधी का वाटलं नाही, याचं जास्त.

काताऱ्याकडे आज एकतीस सेकंद झाले. खुर्चीच्या पायाचंही सांगितलं.

२६ मार्च

ही चार वाजता आली. बेल वाजवली. किल्ली तिच्याकडे आहे, तरी वाजवली. मी दार उघडलं आणि "या" म्हणालो. 'ये' म्हणायला हवं होतं, पण ती हसली.

चहा केला. पहिला उतू गेला, दुसरा दिला. साखर जास्त झाली असावी, तिने दोन घोट घेऊन कप खाली ठेवला, मग पुन्हा उचलून संपवला. कपाट उघडलं. आरशाची रिकामी चौकट बघितली.

"आरसा?"

"भोवरा."

"तुम्हाला काच लागली नाही ना?"

"नाही."

साड्यांवरून हात फिरवला. घड्या वाकड्या होत्या. तिने सरळ केल्या नाहीत, तशाच राहू दिल्या आणि कपाट लावलं. घरात फिरली. कुठे काय आहे ते पाहत होती, पाहुणे पाहतात तसं नाही आणि घरचे पाहतात तसंही नाही. मी मागे मागे गेलो नाही. खुर्चीत बसून राहिलो. सोपं नव्हतं.

मग म्हणाली, "तो भोवरा फिरवून दाखवा ना. त्या दिवशी मागून नीट दिसला नाही."

दिवाणखान्याच्या फरशीवर सोडला. पहिल्याच फेकीत लागला. ती जवळ येऊन वाकली. मीही वाकलो. सांगण्यासारखं पुष्कळ होतं: लाकूड कोणतं, आर कशी ठोकतात, फिरताना पट्ट्यांचा रंग का बदलतो. ती बघत होती. मी तिला बघू दिलं. भोवरा झोपला, बराच वेळ तसाच उभा राहिला, मग एकदा डुलला, दोनदा डुलला, तिच्या पावलाला टेकून पडला. अठ्ठावीस सेकंद. एवढा वेळ दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

ती म्हणाली, "छत्तीस वर्षांच्या संसारातला विक्रम झाला हा तुमचा."

हे चूक आहे. काल काताऱ्याकडे एकतीस झाले होते. पण मी काही बोललो नाही. ती साडेसहाच्या बसने गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा येणार आहे, तेव्हा विचारीन म्हणतो, विक्रम नेमका कशाचा.